सात-बारावर आजोबांचं नाव नाही, जुनं रेकॉर्ड ‘सापडत नाही’ म्हणतात. कुणाकडं आणि काय म्हणून मागायचं?

पेठेतली_लेक

सगळ्यांना नमस्कार. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते. माझं माहेरचं गाव नदीकाठी, रंकाळा स्टँडवरून एसटीनं तासाभराच्या वाटेवर. गावाचं आणि तालुक्याचं नाव इथं लिहीत नाही. माणसं सगळी ओळखीची आहेत आणि मला कुणाची बदनामी करायची नाही. मला फक्त कागद हवा आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या श्रावणात गेले. नदीकडच्या मळीच्या रानाबद्दल ते कायम सांगायचे, “ती पट्टी दोघा भावांची आहे. तुझ्या आजोबाची आणि थोरल्या आजोबाची.” रान थोरल्या घरानंच कसलं. आम्ही शहरात आलो, त्यामुळं त्याबद्दल कधी कुणाची कुरकुर नव्हती. दरवर्षी गुऱ्हाळ सुरू झालं की त्यांच्याकडून गुळाचे दोन रवे घरी यायचे आणि आणणारा माणूस उंबऱ्यातच म्हणायचा, “तुमच्या वाटणीचे.” अण्णा तो शब्द ऐकायला दारात उभे राहायचे. यंदा रवे आले नाहीत. मी फोन केला तर चुलतभाऊ शांतपणे म्हणाला, “अक्का, सात-बारा बघून घे एकदा.”

बघितला. गट नंबर २१४, क्षेत्र १ हेक्टर ४१ आर. थोरल्या आजोबांच्या तीन नातवांची नावं आहेत. माझ्या आजोबांचं नाव नाही, अण्णांचं तर नाहीच.

माझ्याकडं एकच जुना कागद आहे. अण्णांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, आजोबांच्या धोतराच्या घडीत ठेवलेला. तळहाताएवढी शेतसाऱ्याची पावती, मोडीत. घडीवर फाटत आलेली आहे, म्हणून मी ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. मला मोडी येत नाही, फक्त आकडे वाचता येतात. वर ठळक १३४७ आहे. खाली ८६, २, ५ आणि ६ असे सुटे आकडे दिसतात.

मी तालुक्याच्या कचेरीत तीनदा गेले. अर्जात लिहिलं, ‘सर्व्हे नंबर १३४७ चा जुना उतारा मिळावा.’ पहिल्यांदा म्हणाले, सापडत नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, पुरात भिजलं असेल. तिसऱ्यांदा म्हणाले, असा नंबरच या गावाला नाही. तिन्ही वेळा अर्ज हातात परत मिळाला, त्यावर शिक्का नाही, सही नाही.

मला जमीन हिसकावून घ्यायची नाही. अण्णा जे आयुष्यभर सांगत आले ते कुठंतरी लिहिलेलं आहे का, एवढं मला डोळ्यांनी बघायचं आहे. कुठलं कार्यालय, कुठल्या नावाचा कागद, माहितीचा अधिकार वापरायचा का, कुणीतरी नीट सांगा. पावतीचा फोटो जोडते.


गगनबावडा_रोड

ताई, आमचं असंच होतं. कचेरीच्या दारात अर्ज टाईप करून देणारे बसतात, त्यातल्या एकाला गाठून मी जुना फेरफार, म्हणजे सात-बारावरचं नाव बदलल्याची नोंद, काढून घेतला. दोन दिवसांत झेरॉक्स हातात. तेव्हा बरं वाटलं. पुढं दिवाणी दाव्यात वकिलांनी कागद उलटा-पालटा करून विचारलं, यावर ‘खरी नकल’ शिक्का कुठाय, नकल अर्जाचा नंबर कुठाय, फी किती घेतली? काहीच नव्हतं. तो कागद कुठून आला हेच सांगता येईना. परत पहिल्यापासून अर्ज केला आणि त्यात सहा महिने गेले. म्हणून सांगतो, वेळ लागला तरी चालेल, नकल रीतसर घ्या.


मोडी_वाचक_कोल्हापूर

ताई, फोटो मोठा करून वाचला. आधी महत्त्वाचं सांगते.

१३४७ हा सर्व्हे नंबर नाही, ते साल आहे. आकड्याच्या आधी ‘सन’ आहे आणि नंतर ‘फसली’, म्हणजे साऱ्याच्या हिशेबाचं जुनं महसुली वर्ष. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. आधी वरची ओळ ओढून घ्यायची आणि अक्षरं तिला लटकवत न्यायची, म्हणून ‘सन’ हा आकड्याचाच एक फराटा वाटतो. मोडी न येणाऱ्या कुणालाही हे असंच दिसेल.

फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतं. १३४७ अधिक ५९०, म्हणजे १९३७. फसली वर्ष मृगाला, जूनमध्ये सुरू होतं, तेव्हा ही पावती १९३७-३८ ची आहे. तेव्हा कोल्हापूर संस्थानात राजाराम महाराजांची कारकीर्द. संस्थानच्या महसुली कागदांत फसली सन फार भेटतं, ते एकदा अंगवळणी पाडून घ्या. शके असेल तर ७८ मिळवायचे, सुहूर सन असेल तर ५९९. वर्ष जिथं बदलतं त्या महिन्यांत एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तेवढं लक्षात ठेवायचं.

आता तुमचे सुटे आकडे. ‘स. नं. ८६ पैकी हिस्सा २.’ पुढं क्षेत्र आहे, ते घडीत गेलंय, पण ‘२ एकर १२ गुंठे’ असं मला लागतंय. त्याखाली ‘आकार ५ रुपये ६ आणे’, आकार म्हणजे त्या रानाचा ठरलेला सारा. लोकल फंडाची, म्हणजे साऱ्यावरच्या स्थानिक कराची रक्कम वेगळी दाखवली आहे, ती आकारात धरू नका. नाव तुमच्या पणजोबांचं असावं. ते इथं लिहीत नाही, तुम्हाला निरोपात पाठवते.

म्हणजे तुमचं रान ८६/२. कचेरीत हा आकडा सांगा.

फोटो आता इथून काढा. त्यावर नाव आणि गाव दोन्ही आहे. आणि मूळ पावती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, पावसाळ्यात आत घाम धरतो. साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा. घडी पुन्हा त्याच रेघेवर घालू नका आणि चिकटपट्टी अजिबात लावू नका. मी असे कितीतरी कागद बघितलेत की जिथं चिकटपट्टी पिवळी पडली आणि अक्षर घेऊन गेली.


निवृत्त_रेकॉर्डकीपर

ताई, मी महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली. त्यातली अकरा रेकॉर्ड रूममध्ये. वरच्या बाईंनी १३४७ चा उलगडा केला, तिथं तुमचं निम्मं काम झालं.

‘असा नंबरच नाही’ म्हणाला तो कारकून खोटं बोलत नव्हता. गावाला तीन-साडेतीनशे नंबर असतील तर १३४७ त्याला सापडणार कुठनं? पण तीनही वेळा तुमचा अर्ज आवकला न घेता परत दिला, हे चुकलं. अर्ज नोंदवून घेऊन ‘या नंबरचं रेकॉर्ड नाही’ असं लिहून द्यायला हवं होतं. यापुढं दोन प्रती न्या. एकीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ती तुमची पोहोच. पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं.

आता रेकॉर्ड रूम आतून कशी असते ते सांगतो, म्हणजे मागायचं कसं ते आपोआप कळेल. तिथं जुने कागद रुमालात असतात. जाड कापडाचा चौकोन, त्यात एका गावाची बाडं, वरून गाठ, गाठीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन गोष्टी असतात: गाव, नमुन्याचा नंबर आणि सालं. तुमच्या आजोबांचं नाव कुठल्याच चिठ्ठीवर नसतं. माणसं यायची आणि म्हणायची, “आमच्या आज्ज्याचं काय असंल ते सगळं काढा.” मला वाईट वाटायचं. मनात असूनही ते काढता येत नाही. कुठला रुमाल सोडू? तेच कुणी ‘मौजे अमुक, नमुना सहा, १९५० ते ५५’ म्हणाला की दहा मिनिटांत रुमाल टेबलावर.

तुम्हाला लागणारे नमुने थोडेच आहेत. नमुना सात आणि बारा तुम्हाला माहीत आहेत. नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, डायरी म्हणतात तिला. नाव का आणि कधी बदललं ते तिच्यात. सहा-क म्हणजे वारसा नोंदवही. नमुना चौदा म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं कोतवाल बुक, पणजोबा कधी वारले ते त्यात मिळू शकेल. आणि सात-बारा सुरू होण्याआधीचा जो हक्काचा कागद, त्याला क-ड-ई पत्रक म्हणतात. लोक एका दमात ‘कडईपत्रक’ म्हणतात.

शोध मात्र जुन्याकडून नव्याकडं करू नका. आजच्या सात-बाऱ्यापासून मागं जा. नावांशेजारी वर्तुळात आकडे दिसतील, ते फेरफार नंबर. खाली ‘जुने फेरफार क्रमांक’ म्हणून एक रांग असते, तीही उतरून घ्या. एक फेरफार काढला की त्यात मयत कोण, आधीचा खातेदार कोण हे कळतं, मग त्याच्या आधीचा फेरफार. असं एक-एक पायरी उतरत जायचं. मधली पायरी सोडलीत तर वाट चुकाल.

एक मोठी पायरी सगळेच चुकतात. तुमचा आजचा नंबर २१४ हा गट नंबर आहे, ८६/२ हा जुना सर्व्हे नंबर. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव गटवारी झाली, तेव्हा नंबर बदलले. कुठला जुना नंबर कुठल्या गटात गेला हे तहसीलदार कचेरीत विचारून उपयोग नाही. ते तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयात, ज्याला जुनी माणसं अजून ‘मोजणी ऑफिस’ म्हणतात. तिथं ‘एकत्रीकरण योजनेचा नऊ(३) आणि नऊ(४) चा उतारा’ मागा. सोबत आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि आकाराचं पत्रक) आणि ८६ चा फाळणी बारा (त्याच्या हिश्श्यांच्या मोजणीचा कागद) मागून ठेवा.

तोवर घरबसल्या एक ताळा करून बघा. २ एकर १२ गुंठे म्हणजे ९२ गुंठे. एक गुंठा साधारण १.०१ आर, म्हणजे झालं ९३ आर. आकार ५ रुपये ६ आणे म्हणजे पैशांत ५ रुपये ३८ पैसे. मालक बदलतात, पीक बदलतं, पण आकार सहसा तसाच चालत येतो. तुमचा गट १ हेक्टर ४१ आरचा आहे. म्हणजे ९३ आरला शेजारचा ४८ आरचा दुसरा तुकडा जोडलेला असणार. तो कुणाचा होता ते नऊ(३)-नऊ(४) मध्ये दिसेल. हे आधी नक्की करा. उगीच सगळ्या गटावर बोट ठेवू नका.

आता माझा खरा संशय सांगतो. फेरफार वाचताना थोरल्या आजोबांच्या नावापुढं किंवा मागं ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं आहेत का ते डोळ्यांत तेल घालून बघा. कुठं ‘ए.कु.क.’ असतं. एकत्र कुटुंब मॅनेजर, नाहीतर एकत्र कुटुंब कर्ता. बाप वारला, भाऊ एकत्र राहतायत, धाकटा लहान आहे, तर थोरल्याचं एकट्याचं नाव लावायचं आणि पुढं ही अक्षरं लिहायची, अशी तेव्हाची पद्धत. त्याचा अर्थ रान थोरल्याचं नाही, तो सगळ्यांच्या वतीनं आहे. पुढं दर काही वर्षांनी सात-बारा नव्या कागदावर उतरून काढायचे, पुनर्लेखन म्हणतात त्याला. दिवसाला शेकडो ओळी उतरवणाऱ्या हाताकडून ही तीन अक्षरं गळाली की थोरला मालक झाला. मग तो वारला, त्याच्या वारसांची नावं लागली आणि धाकट्याचा वंश कागदावरनं गेला. कुणी लबाडी केली असं दरवेळी नसतं. तुमच्या चुलतभावालाही बहुतेक हे माहीत नसेल. त्याच्याशी बोलताना एवढं ध्यानात ठेवा.

अर्ज असा लिहा, एका कागदावर एकच मागणी: ‘मौजे अमुक येथील जुना स. नं. ८६/२ बाबत सन १९४९ ते १९६५ या काळातील गाव नमुना ६ मधील नोंदींची प्रमाणित नकल मिळावी. नकल तयार करण्यापूर्वी नोंदवही पाहण्यास मिळावी.’ दुसरी ओळ विसरू नका. कारकून त्याला दिलेला नंबर तेवढा बघतो, तुमची नजर मागचं-पुढचं पान बघेल.

माहितीचा अधिकार लगेच काढू नका. नकल अर्जाला दाद मिळाली नाही तर काढा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘आमचं नाव का कमी केलं?’ असं विचारलंत तर उत्तर येईल की खुलासा देणं या कायद्यात बसत नाही. कागद मागा, कारण मागू नका. चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडं वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढची माहिती फुकट द्यावी लागते आणि तुम्ही पहिलं अपील करू शकता, त्याला वीस रुपयांचा स्टँप.

आणि ‘गहाळ’ हा शब्द तोंडी ऐकून परत येऊ नका. लेखी मागा. राज्याचा सार्वजनिक अभिलेखांचा २००५ चा वेगळा कायदाच आहे. तो कागद शेवटचा कुणाच्या ताब्यात होता, नाश केला असेल तर कुठल्या आदेशानं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पुरात रुमाल भिजले हे खरं आहे, २००५ ला आम्ही छातीएवढ्या पाण्यातून बाडं वर चढवलीत आणि नंतर आठवडाभर पंख्याखाली पान-पान वाळवलंय. पण भिजलेल्याची यादी असते. यादीत तुमचं गाव आहे का ते बघा.

संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीचं तालुक्यात सगळं असेलच असं नाही. दरबाराचं दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. तिथं फसली सन सांगावं लागेल, ते तुमच्याकडं आहेच.


शाहूपुरी_ते_ओहायो

मी शाहूपुरीचा, सध्या अमेरिकेत ओहायोत असतो. घर घेताना इथल्या काउंटी रेकॉर्डरकडं जुने दस्त बघायची वेळ आली. इथं शोध नावावरून होतो. देणाऱ्याच्या नावाची एक सूची, घेणाऱ्याच्या नावाची दुसरी. एका मालकाला धरायचं, त्यानं कुणाकडून घेतलं ते बघायचं, मग त्या माणसाला घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचं. कुणीही जाऊन बघू शकतं, का बघताय असं विचारत नाहीत. काकांनी सांगितलेल्या पायऱ्या उतरण्यासारखंच आहे ते.

आपल्याकडंही नावाची सूची आहे हे मला उशिरा कळलं. दुय्यम निबंधकांकडं, म्हणजे दस्त नोंदवतात त्या ऑफिसात, सूची क्रमांक दोन मिळकतीवरून असते आणि सूची क्रमांक एक नावावरून. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणं पुस्तक क्रमांक एक आणि त्याच्या सूची फी भरून कुणालाही पाहता येतात. ताई, मध्ये कधी वाटणीपत्र किंवा हक्कसोड (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) नोंदवलं गेलं का, हे तिथं एकदा बघून घ्या. आजोबांनीच सही करून दिली असेल तर आधी कळलेलं बरं.


निवृत्त_रेकॉर्डकीपर

बरोबर बोललात. हे माझ्याकडून राहिलं होतं.


पेठेतली_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी एवढ्या आपुलकीनं सांगितलंत, म्हणून जे झालं ते सगळं सांगते.

काकांनी दिलेला मजकूर जसाच्या तसा दोन प्रतींत लिहून नेला. खिडकीवर नवीन मुलगी होती. तिनं वाचला आणि काही न बोलता शिक्का मारून पोहोच दिली. आठ दिवसांनी नोंदवही बघायला बोलावलं.

रुमाल माझ्यासमोर सोडला. कापड मूळचं कुठल्या रंगाचं असेल ते सांगता येणार नाही, आता मातकट झालंय. गाठ इतकी जुनी की शिपाई मामांनी आधी ती दोन्ही हातांनी चोळून सैल केली, मग सोडली. आत वह्या. पानाच्या कडा चहात बुडवलेल्या पावासारख्या, हात लावला की चुरा. मामा म्हणाले, “बोट ओलं करू नका बाई, पान खालून उचला.” मी तसंच केलं. दीड तास लागला.

१९५१ ची नोंद आहे. पणजोबा मयत झाले, वारस दोन मुलगे, दोन्ही नावं लिहिलेली. माझ्या आजोबांच्या नावापुढं ‘वय वर्षे १३’. शेवटी ‘सबब थोरला मुलगा’ आणि त्यांचं नाव, आणि पुढं, काका, तुम्ही म्हणालात तीच अक्षरं. ए.कु.मॅ. टिंबांसकट. शाई तपकिरी झालीय पण एकही टिंब पुसलेलं नाही.

त्याखाली वर्दी देणाऱ्याची, म्हणजे मयताची खबर देणाऱ्याची निशाणी आहे. ‘नि. डा. हा. अं.’ आणि पणजीचं नाव. डाव्या हाताचा अंगठा. आमच्या घरात तिचा फोटो नाही, तिला बघितलेलं आता कुणी हयात नाही. त्या ठशात मधोमध एक आडवी रेघ आहे, कोरी. विळ्यानं कापलं असावं कधीतरी. मी फोटो काढू का विचारलं, मामा म्हणाले नकलेत येईल. मग मी नुसतीच बघत बसले. मामांनी घाई केली नाही.

नंतर त्यांनी आपणहून १९६० नंतरचा हातानं लिहिलेला सात-बारा काढून दिला. त्यात थोरल्या आजोबांचं नाव आहे आणि पुढं काही नाही. वर्तुळात फेरफार नंबर तोच, १९५१ चा. नंबर बरोबर उतरवला, अक्षरं राहिली.

दोन्हींची नकल रीतसर फी भरून मागितली, मिळाली. दुय्यम निबंधकांकडं नावावरून शोध घेतला, आजोबांच्या किंवा अण्णांच्या नावाचं वाटणीपत्र वा हक्कसोड काही सापडलं नाही. गाव नमुना चौदाचीही नकल मागितली आहे, ती अजून आलेली नाही. मोजणी ऑफिसला अजून गेले नाही, म्हणून ते ४८ आर कुणाचे ते माहीत नाही.

नकल घेऊन रविवारी गावाला जाऊन आले. चुलतभाऊ गोठ्यात होता. तिथंच उभ्यानं त्यानं कागद वाचला, मग मुलाला हाक मारून चष्मा मागवला आणि परत वाचला. ‘वय वर्षे १३’ वर बोट ठेवून म्हणाला, “धाकटा आज्जा एवढा बारका होता होय?” पुढं काही बोलला नाही. वहिनींनी चहा केला. निघताना तो म्हणाला, “हे माझ्याकडं राहू दे, धाकट्यांना दाखवतो.” मी त्याला झेरॉक्स दिली, शिक्क्याची नकल माझ्याकडं ठेवली.

काका, आता पुढं काय?


निवृत्त_रेकॉर्डकीपर

ताई, शिक्क्याची नकल स्वतःकडं ठेवलीत हे उत्तम केलंत.

१९५१ च्या फेरफारात अक्षरं आहेत आणि त्याच फेरफाराच्या आधारानं लिहिलेल्या सात-बारात नाहीत, म्हणजे ही उतरवण्यातली चूक आहे असं म्हणायला जागा आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडं लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज करता येतो. समोरच्यांना नोटीस जाईल, त्यांचं म्हणणं ऐकतील. भाऊ हजर राहून ‘आमची हरकत नाही’ असा जबाब देतील तर काम सोपं. हरकत घेतली आणि मालकीचा वाद काढला तर तहसीलदार दिवाणी कोर्टात जा म्हणतील आणि त्यांचंही बरोबर असेल. त्याआधी एखाद्या महसुली काम करणाऱ्या वकिलांना सगळे कागद दाखवा.

पण अर्ज आत्ताच टाकू नका. गटवारी झाली तेव्हा जबाब घेतले गेले होते. त्या वेळी मोजणीवाल्यांसमोर कुणी काय सांगितलं आणि कुणाची सही आहे, ते बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. तुमच्या आजोबांची सही तिथं निघाली तर सगळं चित्र बदलेल, कुठल्याही बाजूनं. नऊ(३), नऊ(४) आणि एकत्रीकरणाचा जबाब, तिन्हींचे अर्ज वेगवेगळे. सोबत १९५१ च्या फेरफाराची झेरॉक्स जोडा, म्हणजे ८६/२ शोधायला त्यांना सोपं जाईल. सकाळी अकराच्या आत जा. नंतर भूकरमापक मोजणीला बाहेर पडतात आणि ऑफिसात कपाटाची किल्ली असलेला माणूस सापडत नाही.


मोडी_वाचक_कोल्हापूर

ताई, पणजीच्या अंगठ्याचं वाचून डोळे भरून आले. जबाब मोडीत निघाला तर घेऊन या, वाचून देते. कोर्टासाठी लागला तर प्रमाणित लिप्यंतर करणाऱ्यांकडून करून घ्यावं लागेल, पण आधी त्यात काय आहे ते तरी कळेल.


पेठेतली_लेक

नक्की आणते. पावती कागदाच्या पाकिटात सपाट ठेवली आहे. सोमवारी पहिल्या एसटीनं जाते, तिन्ही अर्ज लिहून झालेत, दोन-दोन प्रती. आत्ताच चुलतभावाचा फोन येऊन गेला. मोजणी ऑफिसला कधी जाणार आहेस ते विचारत होता, म्हणाला, मीपण येतो, मलाही बघायचंय.